एक नंबरवरचा फ्रीज

"फ्रीज घेतला तं बिल किती येईन?"

गेल्या तीन वर्षांत राळेगाव आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हा प्रश्न मी ऐकला आहे. विचारणारा माणूस कधी नवा फ्रीज घेणार असतो, कधी जुना विकणार असतो. कधी फ्रीज दाराशी येऊन उभा असतो, पोरं त्याचा खोका फाडत असतात आणि घरातली बाई मला बाजूला घेऊन हळूच विचारते. प्रश्न सोपा आहे, उत्तरही सोपं आहे. तरी त्याच उत्तरात मी एकदा फार मोठी चूक केली. ती सांगावी म्हणून हा लेख लिहायला बसले आहे.

दिवाळी अंकासाठी लिही, असं आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. कामाचे अनुभव मोठी माणसं लिहितात, तीस-तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तांड्यावरून कॉलेजला गेलेली घरातली पहिलीच. बारावीनंतर आयटीआयमध्ये फ्रीज-एसी दुरुस्तीचा कोर्स केला आणि मग कॉलेजात नाव घातलं, म्हणून वर्गातल्या मुलींपेक्षा वयाने थोडी मोठी आहे, एवढंच. सकाळी कॉलेज, दुपारनंतर बशीरचाचांच्या दुकानात काम. मॅडम म्हणाल्या, "तीन वर्षंही वर्षंच असतात." मग मी वही घेतली.

बशीरचाचांचं दुकान राळेगावात बसस्टँडपासून जवळ आहे. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. चाचांचे गुडघे गेले आहेत. फ्रीजच्या मागे उकिडवं बसायचं काम त्यांच्याने होत नाही, म्हणून घरोघरी मी जाते. सुरुवातीला मला दारात पाहून लोक माझ्या मागे बघायचे. "मिस्त्री कुठी हाये?" मी म्हणायचे, "मीच." तरी ते एकदा रस्त्याकडे डोकावून घ्यायचे. पण फ्रीज स्वयंपाकघरात असतो, आणि तिथे बाईमाणूस आलेलं बायकांना बरं वाटायचं. पाच मिनिटांत त्या पदर खोचून माझ्याशेजारी बसायच्या आणि फ्रीजपेक्षा घरचंच जास्त सांगायच्या.

आमच्या घरी तेव्हा फ्रीज नव्हता, अजूनही नाही. माझी याडी, म्हणजे आई, विचारते, "दुसऱ्याच्या घरचं थंड करत फिरतेस, आपल्या घरी कधी?" मी म्हणते, नोकरी लागली की. ती म्हणते, तोवर माठ आहे.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत असेल, पण तरी बिलाचं थोडं सांगते. फ्रीज चोवीस तास चालू असतो, पण चोवीस तास काम करत नाही. मागच्या बाजूला कॉम्प्रेसर असतो. तो घरघरतो, आत हवी तेवढी थंडी झाली की गप्प बसतो, थंडी कमी झाली की पुन्हा घरघरतो. वीज खातो ती घरघरताना. त्याने किती वेळ घरघरावं हे आतल्या एका बटनावर ठरतं. गोल बटन असतं, त्यावर एकपासून सातपर्यंत आकडे. एकवर सगळ्यांत कमी थंडी, सातवर सगळ्यांत जास्त. हा एक आणि सात नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फ्रीज किती वीज घेतो हे पाहायला चाचांनी एक छोटा मीटर आणून ठेवला आहे. आम्ही त्याला डबी म्हणतो. भिंतीतल्या बोर्डात डबी खोचायची आणि डबीत फ्रीजची पिन. एक दिवस तशीच ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन आकडा वाचायचा. माझ्या अनुभवात एका दाराचा साधा फ्रीज दिवसाला एक युनिटच्या आतबाहेर घेतो. उन्हाळ्यात थोडं जास्त, थंडीत बरंच कमी. पाणी तापवायचा रॉड रोज तासभर लावला तर तो यापेक्षा जास्त खातो. पण रॉड लावलेला दिसतो, काढलेला दिसतो. फ्रीज मात्र रात्रंदिवस कोपऱ्यात घरघरतो, म्हणून बिल आलं की सगळे त्याच्याचकडे बघतात.

या डबीवरून एका घरात मी भांडण लावलं होतं. बाभुळगावच्या बाजूचं गाव. सुनेने माहेराहून फ्रीज आणलेला. सासू म्हणे, फ्रीज आला तसं बिल वाढलं. सून म्हणे, मीटर पाहून घ्या. मी डबी लावून आले आणि दुसऱ्या दिवशी दोघींच्या समोर आकडा मोठ्याने वाचला. फ्रीज एक युनिटसुद्धा घेत नव्हता. सून सासूला मामी म्हणे. तिने विचारलं, "अन् मामीच्या आंघोळीचा रॉड?" मी साधेपणाने डबीत रॉड लावून दाखवला. आकडा पळायला लागला. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुही डबी इच्या माहेराहून आली काय व?"

तेव्हापासून मी आकडा कागदावर लिहून देते. मोठ्याने वाचत नाही.

आणखी एका घरी फक्त फ्रीजच्या दाराचं कुलूप दुरुस्त करायला बोलावलं होतं. मी पिन लावायला गेले तर त्या घरच्या आजी म्हणाल्या, "नोको नोको, लाइन नोको लावू." फ्रीज लग्नात आलेला, बिलाच्या धाकाने एकदाही चालू केलेला नाही. आत वरच्या खान्यात नातवंडांचे दाखले, खाली दोन पैठण्या, अंड्यांच्या जागेवर गुळाचे खडे. "उंदीर शिरत नाही बाई याच्यात," आजी म्हणाल्या. "कपाट घेतलं असतं तं येवढं चांगलं भेटलं असतं काय?" मी कुलूप बसवून दिलं. दाराचं रबर बघायची आम्हाला सवय असते. दहाची नोट दारात अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर रबर सैल. त्यांची नोट निघता निघेना. इतका चांगला फ्रीज मी परत पाहिला नाही.

आता देवरावकाका आणि सुमनकाकूंचं सांगते.

देवरावकाकांचं राळेगावातच सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टपरी, हवा भरायचा पंप, पाण्याचं घमेलं आणि पंक्चरचं सामान. मोटारसायकली आल्या तरी शाळेची पोरं आणि शेतावर जाणारे मजूर अजून सायकलवर असतात, त्यांच्यावर काकांचं चालतं. घरी दोघंच. मुलगी पांढरकवड्याला दिलेली. सुमनकाकूंना साखरेचा आजार. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ. काकूंना नीट दिसत नाही, म्हणून इंजेक्शन काका देतात. नर्सने त्यांना शिकवलं तेव्हा म्हणे ती म्हणाली होती, काका, तुमचा हात तर माझ्यापेक्षा हलका आहे. ट्यूबमधून काटा काढायची सवय, काका म्हणतात.

हे औषध थंड जागी ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून काकांनी आमच्या दुकानातून जुना फ्रीज घेतला. एका दाराचा, लाल, एका बाजूने थोडा चेपलेला. काकूंना तो मुळीच नको होता. "दोन बोटायएवढ्या शिशीसाठी येवढं कपाट? अन् रातंदिवस लाइन?" त्या म्हणायच्या. त्यात ठेवायला घरात दुसरं काही नव्हतंच. पावभर दूध, कोथिंबीर आणि त्या शिशा.

मार्चमध्ये फ्रीज थंड करेनासा झाला, म्हणून मी गेले. काका टपरीवर होते. घरी काकू एकट्या. आतलं थंडीचं बटन बिघडलं होतं, ते मी बदललं, चारवर ठेवलं, दार लावलं. फ्रीज घरघरायला लागला. काकू म्हणाल्या, "झाला काय व पोरी?"

मी म्हटलं, "झाला काकू. आता एकदम एक नंबर. कोणी हात लावू नका."

आमच्या भागात चांगल्या गोष्टीला एक नंबर म्हणतात. चहा एक नंबर, पाऊस एक नंबर, जावई एक नंबर. मी तेच म्हटलं. काम चांगलं झालं, असं.

चाचांचा एक नियम आहे. काम झाल्यावर घरच्या माणसाला काय करायचं, काय नाही ते सांगायचं आणि मग म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा मी काय सांगितलं. चाचा म्हणतात, "बेटा, आपण काय बोललो ते आपल्याले माहीत असते. त्याईनं काय आयकलं ते त्याईलेच इचाराव लागते." मी रोज विचारते. त्या दिवशी विचारलं नाही. प्रॅक्टिकलची वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि तांड्याकडे जाणारी एसटी सुटायला दहा मिनिटं होती. मी पाना पिशवीत टाकला आणि पळाले.

मे महिन्यात एका दुपारी दुकानात फोन आला. फोन देवरावकाकांचा होता. ते मला नावाने हाक मारत नाहीत, मिस्त्री म्हणतात. कारागिराला कारागीर म्हणावं असं त्यांचं मत आहे.

"मिस्त्री, एक खेप येऊन जाता काय? फ्रीज तं चालू हाये. पन मले काही समजून नाही राह्यलं."

मी गेले. बाहेर ऊन इतकं होतं की सायकलची मूठ धरवत नव्हती. काकू खाटेवर पडून होत्या. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मी "काकू" म्हटलं तर त्यांनी फक्त हात वर केला. पंधरा दिवसांपूर्वी त्यांची साखर इतकी वाढली होती की शुद्ध जायला आली. काकांनी गाडी करून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तिथे पाच दिवसांत बऱ्या झाल्या, बोलायला लागल्या, जेवायला लागल्या. नव्या शिशा लिहून दिल्या, त्या काकांनी येतानाच घेतल्या. घरी आल्यावर चार-पाच दिवस गेले आणि पुन्हा तेच. पाणी पाणी करू लागल्या. रात्री चार-चार वेळा उठू लागल्या.

काका म्हणाले, "दवाखान्यात तेच औषध लागू पडलं. घरी तेच औषध नाही पडत. सुई तेच, हात तोच, बाई तेच. मंग फरक कायचा? फ्रीजचा. म्हणून तुमाले फोन केला. उद्या इले पुन्हा यवतमाळले नेतोच, पन सांजीची सुई द्याची का नाही द्याची, तेच मले समजून नाही राह्यलं."

पंक्चर शोधणारा माणूस असाच विचार करतो. ट्यूब पाण्यात धरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. काकांनी बुडबुडा अगदी बरोबर जागी पाहिला होता.

मी फ्रीज उघडला. आत हवा थंड होती म्हणावी एवढीच. पातेल्यातलं दूध फाटलेलं. बटन बघितलं, तर ते एकवर होतं. मला वाटलं चुकून फिरलं असेल. मी विचारलं, "काका, औषध कुठे आहे?"

"हे काय," म्हणत काकांनी वरचा बर्फाचा कप्पा उघडला. आत बर्फात अर्ध्या रुतलेल्या दोन शिशा. "खाले पानीबी थंडं नाही होत, दूध नासून राह्यलं. मंग औषध खाले कसं ठेवाव? सगळ्यात थंडी जागा हेच. सुई द्याच्या आंधी काढतो, पानी झालं का देतो."

मी शिशी हातात घेतली. तिच्यात पांढरे कण तरंगत होते. खोक्यातला कागद मी उलगडला, तो इंग्रजीत होता, बारीक अक्षरात. मला इंग्रजी अजूनही सावकाश वाचावं लागतं. तो कागद मी दोनदा वाचला. थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. गोठलेलं औषध वापरू नका. मी दवाखान्याच्या कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, बर्फ झालेलं औषध मेलेलं समजा, फेकून द्या, नवी शिशी आणून संध्याकाळचा डोस त्यातूनच द्या आणि सकाळी पेशंटला घेऊन या.

म्हणजे काका रोज दोन वेळा, हलक्या हाताने, न चुकता, नुसतं पाणी टोचत होते.

काकांना मी हे सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "चला." आम्ही दोघं सायकलीवरून औषधाच्या दुकानात गेलो. मी काकांच्या घरातला चहाचा थर्मास बरोबर घेतला होता. दुकानदाराने शिशी पिशवीत गुंडाळून त्यात ठेवली, बाजूला थोडा बर्फ, पण शिशीला लागणार नाही असा. सात वाजायच्या आत आम्ही परत आलो आणि काकांनी इंजेक्शन दिलं.

मग मी बटन चारवर नेलं. आणि तेव्हा विचारलं, "काका, हे एकवर कोणी केलं?"

काकूंनी खाटेवरूनच उत्तर दिलं. आवाज अगदी बारीक होता. "तूच तं सांगतलं व पोरी. एक नंबर. अन् कोनी हात नोको लावू म्हने. मी याईले सांगतलं, याईनं करून देल्लं."

मला आधी काही कळलंच नाही. मग मार्चमधलं माझंच वाक्य आठवलं.

दूध फाटलं तेव्हाही त्यांनी बटन फिरवलं नव्हतं, कारण मिस्त्रीने हात लावू नका म्हटलं होतं. पाणी थंड होईना तेव्हाही नाही. उलट दोन महिने बिल थोडं कमी आलं तेव्हा काकूंना वाटलं, पोरीनं आपल्या गरिबीचा विचार करून सांगितलं. त्यांनी माझा शब्द पाळला होता, आणि औषध वाचवायला उरलेली एकच वाट, बर्फाची, ती धरली होती.

मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे. मी नंबर सांगितला नव्हता. मी म्हटलं होतं, फ्रीज चांगला झाला."

काकांनी बटनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलायलाच हवं होतं. पण ते म्हणाले, "मिस्त्री, मी दिवसातून धा खेपा हेच बोलतो. हवा भरली का चाकावर थाप मारतो अन् म्हनतो, जा, एक नंबर. अन् घरी येऊन माह्या ध्यानात नाही आलं." मग थोडं थांबून, "आपल्या दोघाईचीबी जबान सारखीच हाये. चूक अर्धी अर्धी."

अर्धी अर्धी नव्हती. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. दुकानात येऊन चाचांना सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "एसटी दुसरी भेटते बेटा."

दुसऱ्या दिवशी काकूंना यवतमाळला नेलं, त्या तिसऱ्या दिवशी परत आल्या. आठवड्याने मी गेले तेव्हा त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. गॅस होता, पण भाकर चुलीवरचीच. मला बघून म्हणाल्या, "आली काय व माही डाक्टरीन."

मी डबी घेऊन गेले होते. काकांच्या मनात एक गोष्ट अडकून राहिली होती आणि ती त्यांनी मला फोनवर विचारली होती. एकवर किती वीज जाते आणि चारवर किती? मी एक दिवस डबी चारवर लावली, एक दिवस एकवर. त्या दोन दिवसांपुरती औषधाची शिशी शेजारच्या घरी फ्रीजमध्ये ठेवायला लावली. आता मी कशाचाही धोका घेत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आकडे आले. फरक पाव युनिटच्या आसपास होता. मी सवयीप्रमाणे कागदावर लिहून काकांना दिला. त्यांनी कागद परत माझ्याकडे दिला. "तुमीच सांगा. रुपयात सांगा."

"दिवसाला दोन रुपयांच्या आत, काका."

काका दारातल्या उंबऱ्यावर बसले. बाहेर कोणाची तरी सायकल उभी होती, तिच्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन रुपयाईत आमच्या टपरीवर एका चाकाची हवाबी भरत नाही."

काकू आतून म्हणाल्या, "माही किंमत येवढी निंगाली काय?"

"चूप बस व."

"इचारते ना. दोन रुपये रोज पडते का नाही माह्यावर खर्च?"

"पडते," काका म्हणाले. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "बम महाग हायेस तू."

काकू हसल्या. मग मलाही हसू आलं आणि रडूही. तिथे असताना मी रडले नाही. एसटीत रडले.

निघायच्या आधी मी एक काम केलं. काकूंना आकडे दिसत नाहीत, म्हणून बटनावर खूण करायची होती. मी पिशवीत रंगाची बाटली शोधत होते. काकूंनी विचारलं, कायले शोधून राह्यली? मी सांगितलं. त्यांनी कपाळावरची मोठी लाल टिकली काढली आणि माझ्या बोटावर ठेवली. "हे लाव. हे माह्या हाताले समजते." मी ती चारच्या आकड्यावर चिकटवली. काकूंनी बोटाने चाचपून पाहिलं. मग बटन फिरवून एकवर नेलं आणि पुन्हा टिकलीपाशी आणलं. दोनदा केलं. कपाळाची जागा तेवढ्यापुरती मोकळी होती, काका तिकडे बघत होते.

त्यानंतर मी कोणत्याही फ्रीजसमोर "एक नंबर" म्हणत नाही. चांगला झाला म्हणते, बरा झाला म्हणते. चाचा चिडवतात. कोणी गिऱ्हाईक दारात आलं की मुद्दाम विचारतात, "वनिता, हा फ्रीज कसा झाला?" मी म्हणते, "ठीक झाला." ते म्हणतात, "फक्त ठीक?" आणि प्रत्येक घरी निघताना विचारते, आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं. काही लोकांना त्याचा राग येतो. एकाने तर म्हटलं, "आमाले काय दुसरीत बसवून राह्यली काय?" तरी विचारते. औषध असेल तर शिशी कुठे ठेवता ते उघडून दाखवा म्हणते. अशा आणखी दोन घरांत मला ती बर्फात सापडली. तिथे कोणी एक नंबर म्हटलं नव्हतं. सगळ्यांत थंड जागा सगळ्यांत चांगली, असं त्यांना आपलं वाटलं होतं. ती दोन घरं आठवली की थोडं बरं वाटतं. थोडंच.

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं. थंडी चांगली पडली होती. मी गेले तेव्हा बायका येऊन गेल्या होत्या आणि काका अजून टपरीवर होते. काकूंनी मला पाटावर बसवलं, तिळगूळ दिला, कपाळाला कुंकू लावलं. मग भिंत धरत फ्रीजपाशी गेल्या आणि दार उघडलं.

"ये, पाह्य."

बटनावर नवी टिकली होती, तशीच लाल. पण ती तीनवर होती. मी काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "थंडी लागली ना. पानी दाताले लागाले लागलं, तं मी बटन हळूच खाले घेतलं. दोनतीन रोज पाह्यलं. दूध नासत नाही. मंग शेजारच्या पोरीले आकडा इचारून टिकली लावून देल्ली. बिलबी वाचते." मधल्या खान्यात एका छोट्या डब्यात शिशा उभ्या होत्या, बर्फापासून लांब. "उन्हाळा लागला का पुन्हा चारवर. इचारलं नाही तुले. बरोबर हाये का?"

मी म्हटलं, "बरोबर आहे काकू. अगदी बरोबर."

त्यांनी दार लावलं. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग, म्या काय सांगतलं?"

मला हसू आलं. पण त्या हसत नव्हत्या, वाट बघत होत्या. मी सरळ उभी राहिले आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं. थंडीत तीन, उन्हाळ्यात चार. औषध मधल्या खान्यात. बर्फात कधीच नाही. दूध नासलं तर बटनाला हात लावायचा, भ्यायचं नाही.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली, काका चाकावर मारतात तशी.

"एक नंबर," त्या म्हणाल्या.